अण्णांचं टक्कल आणि गणूनानांचं बलुतं

आमच्या अण्णांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता. तरीही दर सोमवारी गणूनाना न्हावी आले की अण्णा ओसरीवर मांडी ठोकून बसत, दाढी करून घेत आणि मग टकलावरून एकदा कोरडा वस्तरा फिरवायला लावत. "बलुतं पुरतं देतो, तर काम पुरतं घ्यावं," असं त्यांचं म्हणणं. गणूनानाही मोठ्या गंभीरपणे वस्तरा फिरवत, कानामागं फुंकर घालत आणि आरसा पुढं धरत. अण्णा आरशात डोकं निरखून पाहत. काय पाहत, ते मला कधी समजलं नाही.

लढाईची वर्षं होती. मी मूळचा साताऱ्याचा; पलूसकडच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून गेलो आणि अण्णांच्या ओसरीलगतच्या खोलीत बिऱ्हाड केलं. अण्णा जैन शेतकरी. आठ औतांची शेती, ऊस, हळद, स्वतःचं गुऱ्हाळ. सांगलीच्या पेठेत त्यांच्या गुळाला नाव होतं, घरच्या चहात मात्र तो चिमटीनं पडे. दिवस मावळायच्या आत जेवण उरकत आणि मग कंदिलाचं तेल वाचवत अंधारात गप्पा मारत बसत.

गप्पा म्हणजे काय, तर प्रश्न. "असं का?" हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर कायम असत. आगगाडीला रूळ दोनच का, मास्तरला सुट्ट्या इतक्या का, कारल्याला कडू व्हायची गरजच काय? उत्तर पटलं तर "व्हय, हे खरं" म्हणत. नाही पटलं तर तोच प्रश्न घेऊन दुसऱ्याच्या दारात जात. गावानं त्यांची थट्टा केली, पण ते चिडल्याचं मी पाहिलं नाही.

एकदा मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. लढाईपायी सरकारनं बड्या धनवंतांवर जादा कर बसवला होता. अण्णा ताठ झाले. "मिळवायचं त्यानं, आणि जास्त भरायचं तेबी त्यानंच? असं का, मास्तर?" मी माझ्या परीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती नकाराची होती.

समोर गणूनाना वस्तरा परजत बसले होते. अण्णांना एकदम आपल्याच घरातला दाखला सापडला. "गणू, त्या एकरभराच्या सदाच्या डोक्यावर जंगल हाय. त्याचं तू कापतोस आणि एक पायली शाळू घेतोस. माझं हे असं, आणि मला पोतंभर! असं का रं?"

गणूनानांनी वस्तरा थांबवलासुद्धा नाही. "आवं अण्णा, दाणं डोक्यावर कुठं हायत? खळ्यावर हायत. जसं खळं तसं बलुतं. आमच्या आज्यापासनं हेच चाललंय."

अण्णा त्या दिवशी आरशात बघायचंही विसरले.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर पाटाचा प्रश्न उभा राहिला. ओढ्याच्या बंधाऱ्यावरून निघालेला पाट पावसाळ्यात गाळानं भरे आणि सारं गाव मिळून तो उपसे. रीत अशी की उंबऱ्यामागं एक माणूस. आठ औतांचे अण्णा एक गडी पाठवत, तोही घरातला सगळ्यांत म्हातारा. आणि अर्ध्या एकराचे गणूनाना स्वतः खोरं घेऊन जात. ज्याचा माणूस आला नाही, त्याची पाण्याची पाळी बंद.

त्या साली गणूनाना बैलगाडीवरून पडले आणि पाय मोडून बसले. थोरला मुलगा पलटणीत, दूर कुठंतरी लढाईवर. घरात दुसरं माणूस नाही. पाटाच्या शेवटाला त्यांचा शाळूचा तुकडा होता. पोटरीला आलेला, एका पाण्यावर अडलेला. ते पाणी चुकलं तर वर्षाची भाकरी गेली.

चावडीपुढं बैठक बसली. "रीत ती रीत," असं मोठ्या बागाईतदारांनी ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात अण्णा उठले. "मला एक सांगा. गाळ काढायचा तो पाण्यासाठी. पाणी जातं जमिनीला. मग माणूस उंबऱ्यामागं का? औतामागं का न्हाई?"

मला वाटलं, अण्णांना चढली की काय! आठ औतं त्यांचीच होती.

एक पाटील उसळले, "चालंल! पण मग माणसं जास्त देईल त्याला पाणीबी जास्त. पहिली पाळी त्याची."

अण्णांनी पागोटं काढलं आणि टकलावर हात फिरवला. "मी गणूला पोतंभर दाणं देतो. म्हणून त्यो माझी दोनदा हजामत करतो व्हय?"

चावडी खो खो हसली. हसता हसता ठराव झाला: औतामागं एक माणूस आणि ज्याला औतच नाही त्याला माफी. गणूनानांची पाळी कायम राहिली.

खरी मौज पुढंच आहे. दोन दिवसांत गावातली औतं नाहीशी होऊ लागली. कुणी म्हणे नांगर मोडला, कुणी बैलजोडी लेकीच्या गावी धाडली. अण्णांना भारी कुतूहल. "मास्तर, औतं गेली कुठं?" म्हणत ते गावभर हिंडले आणि शेवटी स्वतःच्याच परड्यात पोचले. त्यांच्या थोरल्या मुलानं कडब्याच्या गंजीआड दोन नांगर दडवले होते. अण्णांनी ते स्वतः ओढत आणून दारात उभे केले. येणाजाणाऱ्याला दिसले, तसे दुसऱ्यांचेही बाहेर आले.

म्हणून अण्णा संत झाले असं समजू नका. पाट उपसायच्या दिवशी त्यांनी सात गडी पाठवले आणि आठवे म्हणून स्वतः आले. दोन पाट्या टाकल्या आणि बांधावर जाऊन बसले. "ह्यो माणूस धरायचा का?" म्हणून पोरांनी गलका केला. मला जवळ बोलावून अण्णा हळूच म्हणाले, "मास्तर, पटलंय मला. पण पटलं म्हणून काय दुखायचं ऱ्हातं व्हय?" त्या एका वाक्यासाठी तो माणूस मला जन्मभर आवडला.

पुढं देश स्वतंत्र झाला आणि अण्णांच्या घरात वाटण्या झाल्या. जमीन, गुऱ्हाळ, औतं सगळं मुलांच्या नावावर गेलं. अण्णा सांगलीला धाकट्याच्या दुकानी राहायला निघाले. सुगी नुकतीच झाली होती. जायच्या दिवशी गणूनाना लंगडत आले. दाढी झाली, टकलावरून वस्तरा फिरला, आरसा पुढं आला. मग अण्णांनी नेहमीसारखं शाळूचं पोतं पुढं सरकवलं.

गणूनानांनी पोत्याचं तोंड सोडलं, एक पायली मापून आपल्या धोतराच्या सोग्यात घेतली आणि पोतं पुन्हा बांधलं.

"आरं, सगळं ने की."

"न्हाई अण्णा. पोरांचं पोरांकडनं घीन. तुमचं खळं आता कुठाय?" गणूनाना अगदी मायेनं म्हणाले.

आयुष्यभर जास्त द्यावं लागतं म्हणून कुरकुरलेला तो माणूस त्या बांधलेल्या पोत्याकडं बघत राहिला. त्यांचे डोळे भरून आले. मी वाट पाहत होतो, आता "असं का?" विचारतील. त्यांनी विचारलं नाही. धोतरानं डोळे पुसले, गणूनानांच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि गाडीत बसायच्या आधी म्हणाले, "गणू, एक पायली तरी घेतलीस, माफीत न्हाई धरलंस. बरं केलंस."