दोन वाजून सतरा मिनिटांचा इशारा

खटपट्या हे नाव त्याला त्याच्या आईनं ठेवलं होतं, आणि त्यानं ते आयुष्यभर इमानेइतबारे चालवलं. चालू असलेलं घड्याळ उघडायचं, पुन्हा जोडायचं आणि दोन स्क्रू शिल्लक राहिले की ते गुपचूप खिशात टाकायचे, अशी त्याची रीत. पण माणूस मायाळू. कुणाची अडचण दिसली की याचे हात शिवशिवायलाच लागत. लसींच्या शीतगृहात तो आठ वर्षं हंगामी कामगार होता, आणि आता कुठे त्याच्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला होता.

कागद तिथवर ढकलला होता काकूंनी. काकू म्हणजे शीतगृहाच्या देखरेखीवरच्या सगळ्यात जुन्या बाई, एकट्या राहणाऱ्या, निवृत्तीला दोन महिने उरलेल्या. काचेच्या छोट्या खोलीत त्या संगणकासमोर बसत आणि चार थंड खोल्यांवर नजर ठेवत. दर दोन तासांनी उठून प्रत्येक दारावरचं तापमान वहीत लिहीत. मधल्या वेळात काही बिघडलं, तर पडद्यावर एक खिडकी उघडे. वर लिहिलेलं असे, ‘इशारा: खोली तीन’. आत बारीक अक्षरांत कारण. ती खिडकी नुसती बंद होत नसे. काय पाहिलं, काय केलं, ते लिहिल्याशिवाय ती जागची हलत नसे.

दार उघडं की बंद ते संगणकाला कळवणारी तीन नंबरच्या दाराची कळ बिघडली तेव्हापासून काकूंचे हाल सुरू झाले. दार घट्ट बंद असलं तरी खिडकी उघडे, ‘दार उघडे आहे’. काकू एका बोटानं टाइप करीत, ‘दार बंदच आहे’. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. भोंगा तर साहेबांनी डोकं उठतं म्हणून केव्हाच काढायला लावला होता, आणि नवी कळ मागवण्याचा अर्ज त्यांच्याच खणात पडून होता. काकूंचं मनगट सुजलं. एक दिवस त्यांनी टाइप केलं, ‘दार बंद आहे, तुझं तोंडही बंद कर’. सगळे हसले. खटपट्या मात्र त्यांच्या मनगटाकडे बघत राहिला.

संगणकाला हुकूम देण्याची एक छोटी भाषा तो फावल्या वेळात शिकला होता. तिच्यात त्यानं सात ओळी लिहिल्या. नावात ‘खोली तीन’ असलेली खिडकी आली रे आली की लपवायची. बंद करायची नाही, कारण बंद करताना कारण मागते, नुसती लपवायची. पडद्याच्या खालच्या पट्टीवरसुद्धा तिचा मागमूस राहायचा नाही. इशारे देणाऱ्या संगणकाला वाटणार खिडकी समोर आहे, आणि काकूंना दिसणार स्वच्छ पडदा.

दार उघडं असो की तापमान बिघडलेलं असो, खिडकीचं नाव एकच असतं, हे त्याला माहीत होतं. आतलं कारण वाचून निवड करणाऱ्या आणखी चार ओळी लिहायच्या होत्या. उद्या लिहू, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, “अरे, आज एकदाही आली नाही खिडकी. काय केलंस तरी काय?”

तेव्हा खरं सांगायला काय जात होतं? पण कौतुक समोर उभं असताना माणसाची जीभ वळते ती वळतेच. तो म्हणाला, “कळ दुरुस्त केली, काकू. आता आली तर खरी असेल तेव्हाच येईल.”

“देव तुझ्या हाताला यश देवो,” काकू म्हणाल्या, आणि त्याच दुपारी साहेबांकडे जाऊन त्याच्या कागदाबद्दल बोलल्या. त्या चार ओळींचा उद्या एकोणीस दिवस उगवला नाही.

विसाव्या दिवशी खटपट्या मागच्या इमारतीत रिकामी खोकी रचायला गेला होता. काकूंनी दोनची फेरी केली, सगळं ठीक होतं. त्यानंतर तीन नंबरची खोली गार ठेवणारं यंत्र चालू असतानाच अडकलं आणि थांबायचं विसरलं. लोकांना वाटतं लस उन्हाला भिते; पण त्या खोलीतली लस थंडीलाच जास्त भिणारी, एकदा गोठली की संपली. चारच्या फेरीला काकू दारापाशी गेल्या तेव्हा काट्यानं शून्य केव्हाच ओलांडलं होतं. बाटल्यांत बर्फाच्या सुया दिसत होत्या. तान्ह्या बाळांसाठी आलेला सगळा साठा फेकावा लागला. दुसऱ्या दिवशी आयांना दारातून परत पाठवताना काकू स्वतः उभ्या होत्या.

संगणकाच्या नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं: दोन सतरा, इशारा दाखवला.

“खिडकी आलीच नाही हो,” काकू सांगत राहिल्या. साहेबांनी मागच्या नोंदी न बघता त्या एका ओळीवर बोट ठेवलं. “यंत्र खोटं बोलत नाही, बाई. माफीचं पत्र द्या, म्हणजे प्रकरण इथेच मिटवता येईल.”

खटपट्या मागे उभा होता. त्याच्या तोंडून ब्र निघाला नाही. त्या संध्याकाळी त्यानं त्या सात ओळी पुसून टाकल्या. तीन नंबरची खोली रिकामी करून बंदच ठेवली होती, त्यामुळे नवी खिडकी येणार नव्हती. पण लपवलेल्या खिडक्या तशाच होत्या, कारण तो संगणक रात्रंदिवस चालूच असे. एकदा बंद करून सुरू केला की त्या कायमच्या जाणार होत्या. त्या लपवल्या गेल्या होत्या हे मग कुणालाही, कधीही कळलं नसतं. आणि तेही त्याला करावं लागणार नव्हतं. संगणक हल्ली फार हळू चालतो म्हणून साहेबांनी शुक्रवारी बारा वाजता दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं.

तीन दिवस तो काचेच्या खोलीकडे फिरकला नाही. बायको म्हणाली, “काकूंना घरी बोलवा हो जेवायला. एकट्या बसून झुरत असतील.” तो ताटावरून उठला.

शुक्रवारी साडेअकराला काकू त्याच्याजवळ आल्या. त्यांच्या हातात घडी केलेला कागद होता.

“एवढं टाइप करून देतोस? साहेबांना छापील हवंय, आणि माझं बोट आता चालत नाही.”

दोघं काचेच्या खोलीत बसले. काकू वाचू लागल्या, तो टाइप करू लागला. “मी खाली सही करणारी... त्या दुपारी कामावर असताना...” काकू थांबल्या. “लिही, माझा डोळा लागला.”

त्याचे हात थांबले. “काकू, तुमचा डोळा लागला होता?”

“लागला असेल, बाबा. मला तर वाटत होतं मी टक लावून बघत होते. पण खिडकी आली म्हणतात ना सगळे? मग मी झोपलेच असणार.” त्या चष्मा काढून पुसत बसल्या. “चौतीस वर्षांत कधी झोपले नाही रे. आणि आता घरी बसले तरी स्वयंपाक करताना घाबरते, गॅस बंद केला की नाही ते चारचारदा बघते. माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही. तू तरी सांग, तू कधी बघितलंस का मला झोपलेलं?”

घड्याळात पावणेबारा झाले होते. आणखी पंधरा मिनिटं गप्प बसलं की झालं. नोकरी कायम, अब्रू शाबूत. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. पण इथे तर उजेडच पुसायला माणूस येत होता.

“नाही,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

त्यानं पत्र तसंच ठेवलं, आणि शेजारी आपल्या त्या छोट्या भाषेत दोन ओळी लिहिल्या. नावात ‘खोली तीन’ असलेल्या सगळ्या खिडक्या शोध. दाखव.

क्षणभर काहीच झालं नाही. मग एक खिडकी उघडली. तिच्यावर दुसरी, तिसरी. दार उघडे आहे, दार उघडे आहे, दार उघडे आहे. शेकड्यांनी. पत्र त्यांच्याखाली गाडलं गेलं. संगणक गुरगुरत राहिला आणि खिडक्या येत राहिल्या, आणि सगळ्यांत शेवटी जी आली तिच्यात दार नव्हतं. ‘तापमान कमी. दोन सतरा.’

काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या. पडद्यावर बोट टेकवून त्यांनी ती ओळ एकदा वाचली, दोनदा वाचली.

“ही माझ्यासमोर आलीच नाही,” त्या पुटपुटल्या. “म्हणजे मी जागी होते.”

“हो.”

“जागीच होते मी!” त्यांचे डोळे भरून आले. मग हळूहळू त्यांची नजर त्या शेकडो खिडक्यांवरून फिरत त्याच्याकडे आली आणि तिथेच थांबली. त्या इमारतीत असली करामत जमणारा माणूस एकच होता.

“तू म्हणाला होतास, कळ दुरुस्त केली.”

त्यानं खालच्या पट्टीवरून पत्र पुन्हा वर काढलं. ‘माझा डोळा लागला’ ही ओळ पुसली. बाहेर दुरुस्तीवाल्याचा आवाज ऐकू आला. साहेब त्याला आत घेऊन येत होते.

“लिही,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता असा कोरडा होता. “आता तुझं लिही. आणि तीन दिवस गप्प बसलास, तेही लिही.”