ब तुकडीचे गुण

मी जात्याच भित्री. शाळेत हजेरी घेताना नाव पुकारलं तरी मी शेजारणीच्या मागे दडायची. पुढे स्वतः मास्तरीण झाले, तरी भित्रेपणा काही गेला नाही. पण एम.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला जी भीती वाटली, तिच्यापुढे आधीची सगळी भीती म्हणजे पोरखेळ. आणि ती वाटली कुणाची, तर निवृत्तीला आलेल्या, पांढऱ्या टोपीतल्या एका प्राथमिक शिक्षकाची. त्या माणसानं आयुष्यात कुणा पोराला टपली मारली असेल तरी खूप झालं.

माझं माहेर धुळ्याचं, सासर अमळनेरचं, आणि एम.एड.चं कॉलेज जळगावला. लग्नानंतर सात वर्षांनी मी शिकायचं काढलं तेव्हा सासरे, म्हणजे आमचे आबा, एकच वाक्य बोलले होते. "दोन वर्षं. तिसरं नाही." आबा कमी बोलतात आणि बोललेलं मागे घेत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या वर्षी माझा प्रबंध अडकला असता, तर पदवी कायमचीच गेली असती. हे मला रोज सकाळी उठल्याबरोबर आठवायचं.

प्रबंधाचा विषय मीच निवडला होता, आणि मोठ्या हौसेनं. आमच्याकडे पोरं घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत पुस्तक समोर येतं पुण्याकडच्या मराठीचं. मी स्वतः तशीच शिकले. पहिली दोन वर्षं बाई काय बोलतात ते कळायचं नाही, म्हणून मान डोलवायची. तर माझं म्हणणं असं की, चौथीच्या मुलांना आधी अहिराणीतून गोष्टी सांगितल्या आणि मग पुस्तकातल्या धड्याकडे नेलं, तर त्यांना धडा जास्त समजतो. हे सिद्ध करायचं तर दोन तुकड्या पाहिजेत. एका तुकडीला गोष्टी सांगायच्या, दुसरीला मुद्दाम सांगायच्या नाहीत. सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी दोघींची तीच परीक्षा घ्यायची आणि फरक बघायचा. गोष्टी न मिळणाऱ्या तुकडीला म्हणतात नियंत्रित गट.

पिंपळनेरच्या अलीकडे एका गावात अशी शाळा मिळाली. चौथीच्या दोन तुकड्या, मध्ये अर्धी भिंत, वरून सगळं मोकळं. अ तुकडीवर एक तरुण सर होते, त्यांनी वर्ग खुशाल माझ्या हवाली केला. ब तुकडीवर हे टोपीवाले गुरुजी. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मग मीही नानाच म्हणू लागले. सहा आठवडे मी माहेरी राहून धुळ्याहून सकाळच्या एसटीनं जायची, अ तुकडीला कोल्ह्याच्या, मगरीच्या, आळशी जावयाच्या गोष्टी सांगायची आणि संध्याकाळी परत यायची. नाना रोज माझ्यासाठी चहा मागवायचे. मी नको म्हटलं तरी मागवायचे.

मार्चमध्ये परीक्षा घेतली आणि तिथेच, शिक्षकांच्या खोलीत बसून पेन्सिलीनं पेपर तपासले. अ तुकडी सुधारली होती. मला हायसं वाटलं. मग ब तुकडीचा गठ्ठा घेतला, आणि पाचव्या पेपरलाच माझ्या तोंडचं पाणी पळालं. ब तुकडीही सुधारली होती. नुसती सुधारली नव्हती, अ तुकडीच्या थोडी पुढेच होती. नाना शेजारी उभे राहून आपल्या वहीत एकेकाचे गुण उतरवून घेत होते आणि मनातल्या मनात खूश होत होते.

मी विचारलं, "नाना, तुम्ही ह्यांना काय शिकवलं?"

"तुन्ह्याच गोष्टी," ते म्हणाले. "भिंतवरथून ऐकू येयेत. पोरे बाकवर चढी चढी पाहेत. मंग मीबी सांग्यात."

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यांनी शांतपणे समजावून दिलं. "एक पंगतमा एकले शिरा नि एकले कोरडी भाकर, आसं आपलाकडे ऱ्हास का ताई? पाप लागस."

घ्या. पंक्तिप्रपंच! माझ्या संशोधनाच्या पुस्तकांत शंभर प्रकारच्या चुका सांगितल्या होत्या, ही नव्हती. आणि वर आणखी खरं सांगायचं तर नाना गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या सांगत असणार. त्याचाही मला राग आला होता, तो आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच वेळी जळगावला जाऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं असतं, तर दहा मिनिटांत मार्ग निघाला असता. पण सांगायला धीर लागतो. जळगावला माझ्याबरोबर खोलीवर राहणाऱ्या मुली म्हणायच्या, फरक आला नाही तर प्रबंध परत येतो. कुणाचा परत आला होता, कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मी विश्वास ठेवला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. शाळा आता संपत आलेली, दुसरी शाळा शोधायला वेळ नाही, आणि आबांचं तिसरं वर्ष तर मुळात नव्हतंच.

मग मी ते केलं. एप्रिलमधली दुपार होती, जळगावच्या उन्हानं खोलीची भिंत आतूनही हाताला चटका देत होती, आणि मी संगणकावर ब तुकडीच्या प्रत्येक मुलाचे गुण कमी केले. कुणाचे चार, कुणाचे सहा, अंदाजानं. तक्ता बदलला, निष्कर्ष बदलला, फरक छान दिसू लागला. मॅडमनी वाचून "नीट काम केलंस" असं म्हटलं तेव्हा माझ्या हातापायांना कापरं भरलं. त्यांना वाटलं मी आनंदानं थरथरतेय.

जाताजाता त्या म्हणाल्या, "प्रबंधाच्या मुलाखतीला मूळ उत्तरपत्रिका आण. बाहेरचे परीक्षक कधी कधी मागतात."

झालं. तक्त्यात एक आणि पेपरवर दुसरं, असं कसं चालेल? धुळ्याला आईकडे गेले, माजघरात दार लावून बसले, पेन्सिलीचे गुण खोडले आणि लाल पेन घेऊन बरोबर उत्तरांवर फुल्या मारायला लागले. अकरा वर्षं मी पेपर तपासले आहेत. कंटाळून तपासले, डोकं दुखत असताना तपासले, पण बरोबर उत्तरावर फुली कधी मारली नव्हती. हात पुढे जायचा आणि थांबायचा. एका मुलीनं मगरीच्या धड्यावर सहा ओळींचं उत्तर लिहिलं होतं, स्वतःच्या शब्दांत, एकही ओळ पुस्तकातली नाही. असं उत्तर चौथीत वर्षातून एखादं वाचायला मिळतं. त्यावरही मारली. आई बाहेरून विचारत होती, "पोळ्या थंड होताहेत, येतेस का?" मी म्हटलं, येते.

त्यानंतर नानांची भीती सुरू झाली. खरे गुण जगात दोनच ठिकाणी उरले होते, माझ्या डोक्यात आणि नानांच्या वहीत. मे महिन्यात त्यांचा फोन आला. पोरांचे पेपर मिळतील का, पालकांना दाखवायचे आहेत. मी म्हटलं, मुलाखत झाली की देते. आठ दिवसांनी पुन्हा फोन. मुलाखत कधी आहे? खरं तर खोटी तारीख सांगायला काय जात होतं, इतकं सगळं खोटं केलंच होतं की. पण घाबरून खरी सांगून बसले. पुढे तर फोन वाजला तरी मी पदराला हात पुसत नुसती बघत राहायची. चोराच्या मनात चांदणं. मला खात्री झाली की ह्या माणसाला कुठून तरी कळलंय आणि तो मला खेळवतोय.

मुलाखतीच्या दिवशी कॉलेजच्या वऱ्हांड्यात शिरले, आणि बाकावर नाना बसलेले. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. पहाटे निघून साक्री, धुळे, पारोळा करत, दोन गाड्या बदलून आले असणार. मला बघून ते उठले. मी भिंत धरली.

"जाय ताई," ते म्हणाले. "तुन्हं हुई जाऊ दे. मी आठेच बसेल शे."

आत बाहेरगावचे परीक्षक आणि शेजारी आमच्या मॅडम. परीक्षक वयस्कर होते, आवाज मऊ. त्यांनी विषयाचं कौतुक केलं, दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग त्यांनी गठ्ठ्याकडे हात केला. "ब तुकडीचा एखादा पेपर बघू." मी दिला. गठ्ठ्यातून सहज ओढलेला, आणि तो त्या मगरीवाल्या मुलीचाच निघाला. त्यांनी ते उत्तर सावकाश वाचलं, दोनदा वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ह्यात चूक काय आहे?"

खोटं तयार होतं. "सर, भाषा प्रमाण नाही, म्हणून गुण कापले." एका वाक्यात सुटले असते, कदाचित त्यांनी मानही डोलावली असती. पण हेच ऐकत तर मी लहानाची मोठी झाले. ज्याच्या विरुद्ध दीडशे पानं लिहिली, तेच वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मला स्वतःची शिसारी आली. आणि दाराबाहेर नाना होते.

"चूक काही नाही, सर," मी म्हटलं. "उत्तर बरोबर आहे. फुली मी नंतर मारली. सगळ्यांच्याच पेपरवर मारली."

मॅडमनी खाली बघितलं. मग परीक्षक म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाहेर आले तर नाना हात जोडून उभे. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला, चार घड्या घातलेला. तो अर्ज होता, वळणदार अक्षरात. खाली सही करणारा ब तुकडीचा वर्गशिक्षक असं लिहून देतो की, बाईंच्या परवानगीशिवाय गोष्टी मी सांगितल्या, प्रयोग माझ्यामुळे बिघडला, सर्व दोष माझा आहे, तरी बाईंना नापास करू नये. अ तुकडीच्या सरांनी त्यांना महिन्यापूर्वी नियंत्रित गट म्हणजे काय ते सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. पेपरांसाठी फोन केले ते त्या निमित्तानं माझा सूर कसा आहे ते बघायला.

"तू मन्ही तक्रार करशी का ताई?" ते म्हणाले. "निवृत्तीले मन्हे आठच महिना राह्यनात."

महिनाभर मी ह्या माणसाला भीत होते आणि महिनाभर हा माणूस मला भीत होता. मला रडू कोसळलं. रडत रडतच मी त्यांना सगळं सांगितलं, आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिला पेपर बघितला, दुसरा बघितला. बोट फुलीवर ठेवून उत्तर वाचलं.

"हाई ते बरोबर शे," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी पेपर पुन्हा गठ्ठ्यात सारखे केले. मग एवढंच विचारलं, "मंग पोरास्ले मी काय सांगू?"

मी म्हटलं, तुम्ही नका सांगू, मी येऊन सांगते.

प्रबंध परत आला, खरोखरच. खरे गुण घालून, प्रयोग कसा बिघडला ते लिहून, पुढच्या वर्षी पुन्हा सादर करायची परवानगी मिळाली, तीही मॅडमनी शब्द टाकला म्हणून. पण त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आबांना मी स्वतःच सगळं सांगितलं. ते दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघत नव्हते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कर पुरं." नाना मात्र परत गावाला गेले, आणि जून संपता संपता, शाळा सुरू झाल्यावर, मी तिथे गेले.

पोरं आता पाचवीत होती, नानांनी त्यांना मुद्दाम बोलावून बसवलं होतं. मुलाखतीपेक्षा हे जड होतं. मी फळ्याजवळ उभी राहिले आणि सांगितलं की तुमची उत्तरं बरोबर होती, मी त्यांच्यावर चुकीच्या फुल्या मारल्या, कारण मला भीती वाटली. मोठ्या माणसांना कारणं सांगावी लागतात, पोरांना एवढं पुरलं. पेपर वाटले. मगरीवाल्या मुलीनं आपला पेपर उलटासुलटा बघितला, मग हात वर केला.

"मॅडम, तुमले कोन्हं भ्याव लागनं?"

मी आबा म्हणणार होते, परीक्षक म्हणणार होते. तिच्याकडे बघून काही खोटं निघेना.

"तुमनंच," मी म्हटलं. "तुमी बठ्ठा पोरे हुशार निंघनात ना, त्यानं."

सगळा वर्ग खदखदून हसला. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. नाना दाराशी उभे होते, ते हसले नाहीत.