सिक्स, टाळी, एट

मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आणि वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बालवर्ग काढला. क्लबहाऊस म्हणजे टेबल टेनिसचं एक टेबल आणि त्यावर कुणाचे तरी वाळत घातलेले पापड. ते बाजूला सरकवलं की आमचा वर्ग भरायचा. पालकांची अट एकच, आकडे इंग्रजीतून हवेत. 'सव्वीस' म्हटलं की हल्लीची मुलं आईकडे बघतात आणि आई मोबाईलकडे बघते, त्यामुळे मी वाद घातला नाही.

वन ते टेनचं एक गाणं मीच रचलं. चाल लावली भोंडल्याच्या गाण्यासारखी, कारण मला तेवढीच येते. मध्ये खुर्चीवर कापडी हत्ती, भोवती मुलांचा फेर. घरी सराव करत होते तेव्हा आमचे हे पेपर वाचत होते. हे संगीतातले जाणकार आहेत, म्हणजे दरवर्षी महोत्सवाला जातात आणि तिथली भजी कशी होती ते सांगतात. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अगं, बाकीचे सगळे एकेका ठोक्यात बसतात. तुझा सेव्हन तेवढा लंगडतोय."

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. सेव्हन काही केल्या ठोक्यात मावेना. मग मी सरळ तो काढला आणि तिथे टाळी घातली. फाइव्ह, सिक्स, टाळी, एट. गाणं एकदम झोकात जायला लागलं. मुलं बाकीचे आकडे पुटपुटत म्हणायची आणि टाळी मात्र अशी वाजवायची की सेक्रेटरींनी दारावर कागद चिकटवला, 'टाळ्या सौम्य वाजवाव्यात.' सेव्हन आपण नंतर वेगळा शिकवू, असं मी ठरवलं होतं. ते नंतर काही आलं नाही.

वर्गात एक चार वर्षांची मुलगी होती. तिची आई विदर्भातून आलेली, सोसायटीत पाच घरी पोळ्या करायची. वडील हडपसरला कारखान्यात. रोज स्वारगेटला बस बदलून घरी येईपर्यंत मुलगी झोपलेली असायची. जवळच्या इंग्रजी शाळेत मुलीला प्रवेश मिळावा, एवढं एकच त्या बाईंच्या डोक्यात होतं. त्या शाळेत लहान मुलांची मुलाखत घेत नाहीत, फक्त 'ओळख करून घेतात'. ओळख नीट झाली नाही तर प्रवेश मिळत नाही.

ओळखीच्या दिवशी दुपारी त्या तशाच कणकेच्या हातांनी माझ्या दारात आल्या. "बाई, पोरीले सात येत नाही म्हनते तिथली मॅडम. सहा म्हनते, टाळी वाजवते अन् आठ. तीनदा विचारलं, तीनदा टाळीच. उद्या एकदा पुन्हा आणा म्हनते, मंग नाही." त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मी दोन शब्द ऐकवले असते. पण त्यांनी विचारलं, "माही पोरगी कच्ची आहे का हो?"

पुण्यात चाळीस वर्षं काढल्यावर माणसाची चूक कबूल करायची सवय सुटते. पण त्या दिवशी मला फार लाज वाटली. म्हटलं, "पोरगी पक्की आहे. कच्ची मी आहे. उद्या मीही येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मॅडमसमोर. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपण सात शिकवत नाही का?"

"शिकवते. टाळी वाजवून."

"अस्सं. दाखवा बरं."

मी बसल्या बसल्या सुरुवात केली, तर मुलगी म्हणाली, "टीचर, फिरायचं असतं." हत्ती नव्हता, म्हणून साठी उलटलेली मी आणि ती चिमुरडी, आम्ही मॅडमच्या टेबलाभोवतीच फेर धरला. मॅडमनी खुर्ची आत ओढून वाट दिली. फाइव्ह, सिक्स, आणि सवयीने माझी टाळी वाजली. एकटीचीच. मुलीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते आणि ती ओरडली, "सेव्हन!" मग थांबून मला म्हणाली, "टीचर, चुकलं तुमचं. सेव्हन म्हणायचं. टाळी नाही वाजवायची."

आदल्या संध्याकाळी आईने पाठ करून घेतलं होतं. त्या माउलीला स्वतःला इंग्रजी आकडे येत नव्हते. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून ती आधी शिकली आणि मग हिला शिकवलं, हे मला नंतर कळलं.

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी पेन्सिलींचा डबा पुढे केला, "मला सेव्हन दे बरं." तिने एकेक मोजून बरोबर सात पेन्सिली त्यांच्या हातावर ठेवल्या. "सोमवारी फॉर्म भरा," मॅडम आईला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि आपणही सराव चालू ठेवा."

मला आनंद झाला होता आणि थोडं वाईटही वाटत होतं. एवढीशी पोर, टाळी वाजू नये म्हणून तिने स्वतःचे हात धरून ठेवले होते. ते हात डोळ्यांसमोरून जाईनात.

शाळेचा जिना उतरताना तिने एका हाताने आईचं बोट धरलं, एका हाताने माझं, आणि पायऱ्या मोजायला लागली. वन, टू, थ्री. सिक्सला ती थांबली. आम्हा दोघींची बोटं सोडली, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "इथे चालतं ना, टीचर?"

"चालतं," मी म्हटलं.

तिने टाळी वाजवली, मीही वाजवली. तिच्या आईने एकदा वर मॅडमच्या दाराकडे बघून घेतलं, कागदांची पिशवी काखेत दाबली आणि तिनेही वाजवली.