गळ्याखालचं चित्र

चित्रासमोर गेले की काका आधी हात वर करायचे. तळवा आडवा धरून चित्रातल्या माणसाचा गळ्याखालचा भाग झाकायचे नि म्हणायचे, "आधी चेहरा बघायचा. सगळं चेहऱ्यात असतं." म्युनिकच्या म्युझियममधला गार्ड लांबूनच ओरडायचा, मागे व्हा म्हणून. काका त्याला हसून म्हणायचे, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. जर्मन तेवढंच येत होतं, आणि ते कुठेही चालतं असं त्यांचं ठाम मत होतं.

काका म्हणजे आमच्या शेजाऱ्याचे वडील. तुम्हीही पाहिले असतील असे मास्तर. साताऱ्याकडच्या मुलींच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून मुलाकडे काही महिने राहायला आलेले. सून त्यांचीच विद्यार्थिनी. लग्नानंतरही ती त्यांना 'सर'च म्हणायची. मुलाला चित्रांचा कंटाळा, म्हणून रविवारी काकांना फिरवायचं काम माझ्याकडे.

एका रविवारी ते थबकलेच. "अरे, ही तर आमची नवरी!" आरशात बघून हसणारी तरुण बाई. शाळेतल्या पुस्तकात हे चित्र होतं, पण आधीच्या कुणा सोवळ्या मास्तरांनी गळ्यापासून खाली खाकी कागद चिकटवलेला. काकांनी तो कधी काढला नाही. "लाज वाटायची रे. मुलींची शाळा." नुसत्या चेहऱ्यावरून ते वर्षानुवर्षं शिकवत आले, की ही लग्नाच्या दिवशीची नवरी, आनंदाचं प्रतीक.

मग त्यांनी सवयीनं धरलेला हात खाली घेतला. बाईच्या अंगावर चिंधीही नव्हती. काकांची नजर मात्र तिच्या मांडीवर खिळली. तिथे माणसाची कवटी होती, आणि पायाशी विझलेली मेणबत्ती. रूप टिकत नाही, मरण जवळच बसलंय, असं सांगणारं चित्र.

काकांचे कान लाल झाले. "किती पोरींना भलतंच शिकवलं मी! आणि सूनबाईला काय तोंड दाखवू? तिला तर ही नवरी फार आवडायची."

"जाऊ द्या हो काका, सांगूच नका," मी म्हटलं. पण माणूस सरळ. पुढच्या रविवारी सुनेला आणि छोट्या नातीला घेऊनच आले. चित्रासमोर हात नकळत वर गेला. नातीनं तो धरून खाली ओढला आणि ती जर्मनमध्ये कुरकुरली, की मला दिसत नाहीये.

"चुकलं गं माझं," काका सुनेला म्हणाले. "खालचं मी कधी बघितलंच नाही, आणि तुम्हाला शिकवत बसलो."

ती जरा घुटमळली. "सर, आम्ही मुलींनी तो कागद केव्हाच उचलून बघितला होता. कवटी वर्गात सगळ्यांना माहीत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके खुशीत सांगायचात. तुम्हाला लाज वाटली असती."

काका वळून दाराकडे निघाले. गार्डला 'गेनाऊ'सुद्धा न म्हणता. यू-बानमधून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, घरी येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात होते. व्हिसाची मुदत शिल्लक असताना त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं.

परवा मी एकटाच गेलो होतो. तोच गार्ड जवळ आला, त्यानं तळवा आडवा धरून दाखवला आणि विचारलं, ते कुठे आहेत?

"घरी गेले," मी म्हणालो. का गेले, ते सांगायला जीभ रेटली नाही.