समुद्रापार जाणारी घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरतो. नंदुरबारच्या बाजारात मी वडिलांसाठी घागर घेत होतो. शेजारी एक म्हातारी घागरीत पाणी ओतून थांबे, बुडाला पदर लावून बघे आणि ओल दिसली की घागर परत करी.

“आजी, झिरपी तवयच पानी थंड ऱ्हाई,” कुंभार वैतागला.

“थंड नको, भाऊ. पुराले जोयजे. मन्हा धनी फौजमा व्हतात. श्रीलंकानी लढाईमा गयात, तठेच जाळं त्यास्ले. ह्या पानीले समुद्र वलांडनं शे.”

कुंभार स्वतःच घागरी तपासू लागला.

घरी वडिलांची घागर भरल्यावर मी तिच्यात आणखी तांब्याभर पाणी ओतलं, म्हातारीच्या धन्याच्या नावानं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.