वर्ष मोजायचं कधीपासून?

बसा, चहा टाकलाय. हसायचं तर हसा, पण माझ्यासारखी बाई तुम्ही पाहिली नसेल. घटस्फोट घ्यायला निघाले आणि स्वतःच्या तोंडाने तो जवळजवळ वर्षभर पुढे ढकलून आले.

माझं माहेर खर्डी, सासर डोळखांबच्या वरच्या अंगाला. नवरा वाईट नाही हो. मारझोड नाही, दारू नाही. पण आठ वर्षांत आमच्यातलं बोलणंच आटलं. गेल्या दसऱ्याला मी बॅग भरून माहेरी आले. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, "परत कधी जाते गो?" उत्तरं देऊन देऊन जीव विटला. एकदाचं काय ते कोर्टातून सुटावं, एवढीच इच्छा.

शहापूरच्या वकीलबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "दोघांची संमती आहे ना? मग वर्षभर वेगळे राहा आणि या."

एवढं सोपं काम. मला तेही जमलं नाही.

आता यंदा दसरा झाल्यावर आम्ही दोघं बाईंसमोर बसलो. त्यांनी विचारलं, "वर्षभर वेगळे होतात ना?"

"अगदी वेगळे," मी म्हणाले. "फक्त आवणीला गेलेले तिकडं."

बाईंचा पेन थांबला. "कशाला?"

आता तुम्हीच सांगा, भात लावायला कशाला जातात? बाबांचा पाय मुरगळला होता, रोपं तयार होती आणि मजूर मिळेना. सासरची माणसं सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला आली, नवऱ्यासकट. मग त्यांच्या शेतावर आपण जायला नको? मी नाही म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, "तुमचा झगडा तुमच्यापाशी ठेवा. त्यांची माणसं आली, आता आपली नाय गेली तर तोंड दाखवायचं कसं?" मी गेले. बाईंनाही हेच सांगितलं.

"रोज जाऊन-येऊन केलंत?" वकीलबाईंनी आशेने विचारलं.

"नाय हो. पावसात एसटीचा काय भरोसा? तिथंच राहिले."

"वेगळ्या घरात?"

"घर एकच हाय ना."

"स्वयंपाक?"

"मीच केला. सासूचे गुडघे दुखतात."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आठ वर्षं तोंड न उघडणारा हा माणूस, त्याला नेमकी तेव्हाच वाचा फुटली. म्हणाला, "माझी कंबर धरलेली, तर हिनं शेकून पण दिली." वर माझ्याकडे असं बघतो, जसं काही माझी बाजू घेतली.

"आणि हे तुमच्याकडे आले होते तेव्हा?"

"यांची शेवटची गाडी चुकली," मी म्हणाले. "मग राहिले. पडवीत झोपलेले हां."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "ताई, उद्या जज्जसाहेब शपथेवर विचारतील. काय सांगाल?"

"खोटं सांगू?"

"नको. वर्ष आवणीपासून मोजू. पुढची आवणी झाल्यावर या. आणि कृपा करून त्या आवणीला जाऊ नका."

बाहेर आले आणि पायरीवरच बसले. खरं सांगते, रडू आलं. भांडून दमले असते तर समजलं असतं. मी चांगलं वागून दमले होते.

नवऱ्याने मागून आणलेली बाइक काढली. खर्डीची गाडी नव्हती, म्हणून मागे बसले. वाटेत दोन्ही बाजूंना भात पिवळं होऊन वाकलेलं. मी ठणकावून सांगितलं, "कापणीला मी येणार नाय. फोन पण करायचा नाय."

"बरं," तो म्हणाला. एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "मंग तुमच्या कापणीला आमी पण यायचं नाय ना?"

समोर आमचंच शेत दिसत होतं. बाबा पाय ओढत बांधावरून चालले होते.

मी म्हणाले, "सोमवारी या. आणि येताना विळे घेऊन या, आमचे बोथट झालेत."