ताजबीचं थंड काजळ

प्लेगानं कोल्हापुरातली घरंच्या घरं ओस पाडली, त्यातच ताजबीची लेक खतिजा गेली. मागं राहिली अंगावर पिणारी रशिदा. तिच्या बापानं दुसरा निकाह लावून मिरज गाठलं आणि ताजबीनं त्या एवढ्याशा जिवाला पोटाशी धरलं. शाहूपुरीची नवी पेठ तेव्हा वसत होती, गुळाच्या अडत्यांची घरं उठत होती. डोक्यावर पाटी घेऊन ताजबी त्या घरांतून काजळ आणि सुरमा विकत फिरायची.

काजळ तिच्या हातचंच, असं बायका म्हणायच्या. एरंडेलाचा दिवा लावून त्यावर ती काशाचं ताट पालथं धरायची, जमलेली काजळी पिसानं झाडून घ्यायची. तूप तडतडायचं थांबेपर्यंत कढवायचं आणि त्यात काजळी नि कापूर घोटायचा. कापूर डोळ्यांना झोंबायचा, पण डबी वर्षभर तशीच राहायची. तिची आईही असंच करायची. कापूर कशाला, हे ताजबीनं कधी विचारलं नव्हतं आणि आईनंही कधी सांगितलं नव्हतं.

एकदा बनाबाई नावाची अडत्याची बायको मांडीवरच्या नातवाला थोपटत म्हणाली, "ताजबी, तुझं काजळ घातलं की पोरगं घर डोक्यावर घेतंय. जरा थंड कर की. कापूर नगं. लोणी घाल, गुलाबपाणी घाल."

"करून बघते, आक्का."

परसात गावठी गुलाबाचं झाड होतं. पाकळ्या पाण्यात भिजवून ते पाणी ताजबीनं लोण्यात घातलं, काजळी घोटली. काजळ असं मऊ झालं की बोटाला लागताच पसरावं. बनाबाईचा नातू रडला नाही. मग शेजारणींनी मागितलं, त्यांच्या जावांनी मागितलं. ताजबीच्या पाटीत जुनं काजळ उरलंच नाही.

आषाढात एका बाईनं डबी हुंगून नाक मुरडलं. "वास मारतोय गं ह्याला." ताजबीनं पुढच्या वेळी गुलाबपाणी थोडं वाढवलं.

रशिदा तेव्हा सहा वर्षांची होती. ताजबी दारात भात कांडत असताना भाताचं एक टोकदार कूस उडून पोरीच्या उजव्या डोळ्यात गेलं. ताजबीनं पदराच्या टोकानं ते काढलं. डोळा लाल झाला होता, पाणी थांबत नव्हतं. तिनं डबी उघडली आणि थंड काजळाचं बोट हळूच डोळ्यात फिरवलं.

"गार वाटतंय का?"

"व्हय, नानी," रशिदा म्हणाली आणि तिच्या मांडीवरच झोपली.

सकाळी पापण्या चिकटलेल्या होत्या. कोमट पाण्यानं सोडवल्या तर आतून हिरवट पू आला. ताजबीनं पुन्हा काजळ घातलं. दुसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरी साय पसरली होती, तेव्हा मात्र तिनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काय घातलंत?"

तिनं कनवटीची डबी काढून दिली. त्यांनी ती हुंगली. "यात पाणी आहे?"

"गुलाबाचं हाय, सायेब."

"बाई, कढवलेल्या तुपात आणि कापरात जंतू सहसा वाढत नाहीत. पाणी पडलं की माजतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. कुसानं बुबुळ ओरखडलं होतं, तिथून ते आत शिरले."

"आन् आता?"

"हा डोळा गेला. दुसरा राखू."

घरी येऊन ताजबीनं उरलेलं काजळ चुलीत घातलं. मग पट्टी बांधलेल्या रशिदाचा हात धरून ती शाहूपुरीत निघाली, विकलेल्या डब्या परत मागायला.

बनाबाई तयार होईना. "आमच्या पोराला काय झालं न्हाय. त्याला हेच आवडतंय. मी देत न्हाय."

ताजबीनं बराच वेळ विनवण्या केल्या. शेवटी तिनं रशिदाची पट्टी वर केली. बनाबाईनं एकदा पाहिलं, नातवाला छातीशी घट्ट धरलं, आत गेली आणि डबी आणून उंबऱ्यावर ठेवली.

पुढच्या घरी तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. त्यानंतरच्या दारात बाई नाही म्हणाली, तेव्हा ताजबीनं तोंड उघडण्याआधीच रशिदानं आपल्या हातानं पट्टी वर केली. ताजबीला भर रस्त्यात रडू फुटलं. त्या दिवशी ती तिथूनच माघारी फिरली. उरलेल्या घरी नंतर ती एकटीच गेली. काहींनी डब्या दिल्या, काहींनी दार लावून घेतलं.

काजळ तिनं सोडलं. लोकांच्या घरी धान्य निवडणं, वाकळा शिवणं, असं काहीबाही करून तिनं नात वाढवली. रशिदा गुणी निघाली, पण स्थळं पांढरा डोळा बघून उठून जायची. ताजबी तरीही त्यांना पान द्यायची. अखेर नेसरीचा बादशहा नावाचा पिंजारी, पहिली बायको वारलेला, वयानं बराच मोठा, होय म्हणाला.

निकाहाच्या दिवशी गल्लीतल्या बाया नवरीला नटवायला जमल्या. एकीनं कापूर घातलेलं काजळ आणलं होतं.

"मला नानीच घालंल," रशिदा म्हणाली.

ताजबी मागच्या दारी आडाच्या कठड्याला टेकून बसली होती. बाया हाका मारून गेल्या. मग रशिदा स्वतःच लुगडं सावरत आली आणि तिच्यापुढं बसली. डबी तिच्या हातात दिली.

"चांगल्या डोळ्यात घाल की. आता तर कापराचं हाय."

ताजबीनं डबी उघडली. बोट काजळात बुडवलं. रशिदानं मान वर करून पापणी ताणून धरली. ताजबीचं बोट तिच्या गालाजवळ गेलं आणि तिथंच थांबलं.

"नगं गं, माझ्यानं व्हत न्हाय," ती म्हणाली आणि काळं बोट स्वतःच्याच पदराला पुसलं.

रशिदानंही मग दुसऱ्या कुणाला घालू दिलं नाही. संध्याकाळी ती तशाच बिनकाजळाच्या डोळ्यांनी गाडीत बसून नेसरीला गेली.